चाळीस सेकंदांचा बॉइड आणि त्याचं समीकरण

अमेरिकन वायुसेनेतला लढाऊ वैमानिक जॉन बॉइड याचं नाव आज निघतं ते बहुतेक मॅनेजमेंटच्या सेमिनारमध्ये. त्याचं ते 'ऊडा' चक्र (बघा, अंदाज घ्या, ठरवा, करा आणि पुन्हा पहिल्यापासून) स्लाइडवर गरगरत असतं आणि शेजारी त्याचा युनिफॉर्ममधला फोटो. मला त्या चक्राचं फारसं कौतुक नाही. त्याआधी या माणसानं जे करून ठेवलंय ते कितीतरी भारी आहे, पण त्यात गणित असल्यामुळे सेमिनारवाले तिकडे फिरकत नाहीत.

बॉइड १९५३ मध्ये कोरियाच्या युद्धात एफ-८६ सेबर हे अमेरिकन लढाऊ जेट उडवत होता. २२ मोहिमा केल्या, शत्रूचं मिग हे सोव्हिएत लढाऊ विमान एकही पाडलं नाही. विंगमन होता तो. पुढच्याची पाठ राखायची आणि नेम त्याला धरू द्यायचा, एवढंच काम. पण तिथे त्याला एक कोडं पडलं. कागदावर मिग-१५ सरस होतं, ते जास्त उंच जायचं आणि चढायचंही झपाट्यानं. तरी लढतीत सेबर वरचढ ठरत होतं. (एका सेबरमागे दहा मिग पाडली वगैरे तेव्हा सांगितलेले आकडे पुढे बरेच खाली आले, ते सोडा.) प्रशिक्षणाचा वाटा होताच. पण सेबरच्या काचेतून चहूबाजूंना दिसायचं, आणि हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणाऱ्या) कंट्रोलमुळे स्टिक, म्हणजे विमान वळवायचा दांडा, सहज हलायची. मिगवाल्याला भरवेगात तीच स्टिक ओढताना घाम फुटायचा.

पुढे तो नेलिस या वायुसेनेच्या तळावर लढाऊ वैमानिकांचा प्रशिक्षक झाला. ४० सेकंदांत तुला हरवतो, नाहीतर ४० डॉलर देतो, अशी त्याची पैज असायची म्हणतात. इथेच थांबला असता तरी आयुष्यभर मिरवता आलं असतं.

तो थांबला नाही, आणि माझा सलाम आहे तो इथे. अर्थशास्त्राची पदवी खिशात असताना हा गडी तेहतिसाव्या वर्षी जॉर्जिया टेकला पोरांबरोबर इंजिनिअरिंग शिकायला बसला. थर्मोडायनॅमिक्स शिकताना त्याच्या लक्षात आलं की हवेतली झुंज म्हणजे ऊर्जेचा हिशेब आहे. इंजिनाच्या रेट्यातून हवेचा अवरोध वजा करा, वेगानं गुणा, वजनानं भागा. उत्तर धन आलं तर विमानाला अजून चढता येईल किंवा वेग वाढवता येईल. घट्ट वळण घेतलं की अवरोध वाढतो आणि उत्तर ऋण होतं, म्हणजे तुम्ही उंची किंवा वेग गमावताय. प्रत्येक उंचीला, प्रत्येक वेगाला हे आकडे काढायचे आणि शत्रूच्या विमानाच्या आकड्यांशी ताडून बघायचे. जे वैमानिकाच्या हातांना नुसतं जाणवत होतं, ते आता आलेखावर बोट ठेवून दाखवता येत होतं.

त्यासाठी कॉम्प्युटर हवा होता आणि मंजुरी मिळत नव्हती. फ्लोरिडातल्या एग्लिन तळावर थॉमस क्रिस्टी नावाचा गणितज्ञ भेटला आणि दोघांनी दुसऱ्याच कामांच्या नावाखाली मशीनचा वेळ वापरला. चौकशी झाली, निभावली. आलेख मात्र झोंबणारे निघाले. बऱ्याच ठिकाणी सोव्हिएत विमानं अमेरिकन विमानांना भारी होती. साहेबलोकांना हे ऐकवणं सोपं नव्हतं, त्यात बॉइडची जीभ तिखट. समोरच्याच्या छातीवर बोट टोचत बोलायची सवय! असा माणूस जनरल होत नसतो. १९७५ मध्ये कर्नल म्हणूनच निवृत्त झाला.

त्याच गणितातून पुढे हलक्या लढाऊ विमानाचा आग्रह आला आणि त्यातून एफ-१६. आता भक्तांना आवडणार नाही ते लिहितो. बॉइड आणि त्याच्या मित्रांना हे विमान अगदी सडसडीत हवं होतं, जड रडार आणि लांब पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांचं लटांबर त्यांना नकोच होतं. वायुसेनेनं वजन वाढवलं तसा बॉइड चिडत गेला. पण एफ-१६ आजही जगभर उडतंय, ते बऱ्याच अंशी त्या वाढवलेल्या सामानाच्या जोरावर. कोरियात डोळ्यांनी शत्रू शोधलेल्या माणसाला शत्रू न दिसता लढायचं युद्ध पटलं नाही. त्याच्या समीकरणात रेटा होता, वजन होतं, वेग होता; आधी कोणाला कोण दिसलं, हे त्यात कुठेच नव्हतं.