टेलर-मेड कंबोडिया, आईचे गुडघे आणि अस्तराचे पैसे

अंगकोरचे फोटो टाकल्यापासून इनबॉक्समधे एकच प्रश्न येतोय, खर्च किती आला? आकडा सांगणार नाही, कारण आईपण फेसबुकवर आहे आणि तिला मी निम्मा सांगितलाय. एवढं सांगते की ग्रुप टूरच्या साधारण तिप्पट गेले आणि त्यातले अर्धे पाण्यात गेले. उरलेल्या अर्ध्यांबद्दल मात्र मनात कणभर खंत नाही, म्हणून कुठले कुठं गेले ते लिहिते, जाणाऱ्यांच्या कामी येईल.

मुळात प्रायव्हेट ट्रिप घेतली ती चैनीसाठी नाही, आईच्या गुडघ्यांसाठी. आई ७४ ची, जन्मभर शाळेत संस्कृत शिकवलं, अंगकोर वाट बघायचंय हे मी कॉलेजात असल्यापासून ऐकतेय. आता ग्रुप टूरमधे सहाला बॅगा बाहेर, दिवसात चार देवळं आणि वर 'चला मंडळी चला' हे तिला झेपणारं नाही. म्हणून टेलर-मेड. आणि टेलर म्हणजे काय चीज असते ते आपल्याकडच्या कुठल्याही बाईला विचारा, माप नीट दिलं नाहीत तर तो त्याच्या मनाने शिवतो आणि न सांगता लेस लावून तिचे वेगळे पैसे घेतो. आमच्या ट्रॅव्हलवाल्याने अगदी तेच केलं. मी लिहिलं होतं पायऱ्या कमी, वेळ भरपूर, जेवण शाकाहारी. त्याचा प्लॅन आला त्यात प्रायव्हेट पूलवाली व्हिला, रोज संध्याकाळी स्पा, देवळाच्या आवारात मशालींच्या उजेडात डिनर आणि सूर्योदयाला शॅम्पेन ब्रेकफास्ट. आई म्हणाली, सकाळी सकाळी?? मी पण मूर्ख, 'एवढं करतोच आहोत तर' म्हणत हो म्हटलं.

पैसे वसूल झाले ते गाइडमुळे. चाळिशीचा खमेर (म्हणजे तिथलाच) माणूस, पहिल्या दहा मिनिटांत त्याने आईला विचारलं, येय, तुम्हाला स्वतःला काय बघायचंय? (येय म्हणजे त्यांच्यात आजी.) हा प्रश्न दोन महिन्यांच्या ईमेलबाजीत आम्हाला कुणीही विचारला नव्हता. आई म्हणाली समुद्रमंथन, आणि ते बघताना मला घाई करायची नाही. त्याने तिथेच प्लॅन फिरवला.

आता अंगकोर वाटचं असं आहे की ते पश्चिमाभिमुख आहे. १२ व्या शतकात दुसऱ्या सूर्यवर्मनने विष्णूसाठी बांधलं, बाकी बहुतेक खमेर देवळं पूर्वेकडं तोंड करून, हे उलटं. त्यामुळे सूर्य देवळाच्या मागून उगवतो आणि तो फोटो घ्यायला पहाटे पाचपासून सगळं जग समोरच्या तळ्याकाठी मोबाइल वर करून उभं असतं. तुम्ही कितीही डॉलर मोजा, त्या तळ्याकाठी प्रायव्हेट असं काही मिळत नाही. आमचा गाइड आम्हाला उलट्या बाजूने, पूर्वेच्या दाराने घेऊन गेला, झाडीतली मातीची वाट, पक्ष्यांचा कालवा, माणूस एक नाही. सगळे पश्चिमेला सूर्याची वाट बघत होते तेव्हा आम्ही तिघं पूर्वेच्या ओवरीत समुद्रमंथनासमोर होतो. जवळजवळ ४९ मीटर लांब कोरलेली भिंत आहे ती! एका बाजूला असुर, दुसऱ्या बाजूला देव, मधे वासुकी ताणलेला, मधोमध विष्णू, खाली कूर्म, पाण्यातले मासे आणि मगरी मंथनाच्या जवळ आल्या की चक्क तुटलेल्या दाखवल्यात, वर हवेत अप्सरा. आईला एक घडीची खुर्ची आणली होती त्याने, कुठल्याही पॅकेजमधे नसलेली, तीस डॉलरची पण नसेल. ती तिच्यावर बसली, पंधरा मिनिटं बोलली नाही, मग म्हणाली, अगं असुरांचे चेहरे बघ, एकजण पण वाईट नाही दिसत, सगळे नुसते दमलेत. शॅम्पेन हॉटेलातच राहिली.

वरच्या मजल्यावर, बाकान म्हणतात त्याला, आई चढली नाही. जिना भयंकर उभा आहे, लाकडी पायऱ्या आणि कठडा लावलाय तरी. मी एकटी जाऊन आले आणि खरं सांगू, खालच्या भिंतींपुढे वरून दिसणारं दृश्य काही नाही. कुरुक्षेत्राच्या भिंतीवर शरपंजरी भीष्म शोधा, सापडतो.

दुसरी गोष्ट बांतेय स्रेईचं देऊळ. इ.स. ९६७ चं, लहानसं, गुलाबी वालुकाश्माचं, आणि कोरीव काम इतकं बारीक की दगड नाही, चंदन वाटतं. राजाने नाही, यज्ञवराह नावाच्या त्याच्या विद्वान ब्राह्मण अधिकाऱ्याने बांधवलेलं. मूळच्या देवाचं नाव त्रिभुवनमहेश्वर, हे गाइड त्याच्या उच्चारात म्हणाला आणि आईने पुन्हा नीट म्हणून दाखवलं, तो लगेच विद्यार्थ्यासारखा तीनदा म्हणाला, मला हसू आवरेना. तिथे रावण कैलास हलवतोय असं शिल्प आहे. आपण वेरूळला बघितलेला तोच प्रसंग, पण इथे कैलास म्हणजे पायऱ्यापायऱ्यांचा डोंगर, प्रत्येक पायरीवर घाबरलेली गर्दी, अगदी वर शिव आणि त्याला बिलगलेली पार्वती. वेरूळच्या रावणात ताकद आहे, इथे गंमत आहे.

येताना वाटेत प्रेआ दाक गावाजवळ रस्त्याकडेला बायका ताडाचा रस आटवत होत्या. चुलीवर मोठी कढई, लाकडी ढवळणं, वरती पिवळट फेस, वास थेट आपल्या गुऱ्हाळाचा. ताडपत्राच्या गुंडाळीत गुळाच्या चकत्या मिळतात. आईने कढईत वाकून पाहिलं आणि त्या बाईला खुणेनेच विचारलं, पाक झाला हे कसं कळतं? बाईने थेंब पाण्यात टाकून दाखवला, गोळी. दोघी खूश. या थांब्याचे पैसे शून्य, प्लॅनमधे ओळ नाही.

आणि प्लॅनमधे जे ठळक अक्षरात होतं त्याचं ऐका. मशालींच्या उजेडातलं ते डिनर! फोटो मस्त आले, नाकारत नाही, अप्सरा नाचणाऱ्या मुलींची बोटं मागे वळतात ती बघण्यासारखीच. पण अख्खं रिकामं देऊळ, आम्ही दोघी आणि मागे हात बांधून उभे आठ वाढपी, आईला घासच गिळेना, म्हणे यांना बसायला सांग ना. त्यात 'प्युअर व्हेज' लिहून दिलेलं असताना भाजीत फिश सॉस. तिकडच्या स्वयंपाकात मासळीचा सॉस आणि प्राहोक (आंबवलेल्या मासळीचा लगदा) म्हणजे आपल्या मीठ-हिंगासारखं, त्यांचा दोष नाही, सांगणाऱ्याने नीट सांगितलं नव्हतं. आईने केळी खाल्ली. स्पाला आम्ही एकदाच गेलो. पुलात कोणी उतरलंच नाही. हे सगळं मी अस्तराचे पैसे म्हणते, बाहेरून दिसत नाही आणि अंगाला टोचतं.

त्यापेक्षा एक लांबचा दिवस घ्या. आम्ही कोह केरला गेलो, २०२३ मधे युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलंय. दहाव्या शतकात चौथ्या जयवर्मनने राजधानी इकडे हलवली होती, जेमतेम १६ वर्षं टिकली, ९२८ ते ९४४. जंगलात ३६ मीटर उंच सात टप्प्यांचा पिरॅमिड. पण मला तो नाही, तिथल्या एका छोट्या देवळाची गोष्ट लक्षात राहिली. प्रासात चेनमधे भीम आणि दुर्योधन गदायुद्धाला समोरासमोर उभे होते, भोवती बाकीची मंडळी. यादवीच्या काळात चोरांनी मूर्ती घोट्यापासून तोडून नेल्या, पाय चौथऱ्यावरच राहिले. पुढे मूर्ती अमेरिकेत निघाल्या, त्या पायांवरून ओळख पटली आणि २०१४ मधे दोघंही परत आले, आता नॉम पेन्हच्या म्युझियममधे आहेत. आई म्हणाली, दुर्योधनाची मांडी फुटली होती, यांनी घोटेच तोडले.

अजून एक, मग थांबते. 'जगातलं सगळ्यात मोठं हिंदू मंदिर, आपलंच' हा फॉरवर्ड कृपा करून आवरा. अंगकोर वाट विष्णूसाठी बांधलं हे खरं, पण गेली कित्येक शतकं तिथे बौद्ध पूजा चालते आणि बांधणारे हात खमेर होते, देऊळ त्यांच्या झेंड्यावर आहे. पश्चिमेच्या गोपुरात आठ हातांची विष्णूची मूर्ती आहे, लोक तिला भगवी वस्त्रं नेसवून उदबत्त्या लावतात आणि ता रीच म्हणतात. ता म्हणजे आजोबा. ता प्रोह्म, ते झाडांच्या मुळांनी गिळलेलं देऊळ, म्हणजे आजोबा ब्रह्मा. असं घरचं करून घेतलेल्या देवावर आपण कसला हक्क सांगायचा! अभिमानच वाटून घ्यायचा तर त्याचा घ्या की १९८६ ते ९३ मधे, युद्ध पुरतं संपलेलं नसताना, आपल्या पुरातत्त्व खात्याची माणसं तिथे जाऊन अंगकोर वाटची डागडुजी करत होती. तेव्हा वापरलेल्या पद्धतींवर पुढे टीका झाली तीही वाचा.

तिकिटाचं विचारणाऱ्यांसाठी, आम्ही तीन दिवसांचा पास घेतला, ६२ डॉलर, दहा दिवसांत कुठलेही तीन दिवस चालतो, म्हणजे गुडघ्यांना मधे सुट्टी देता येते. कोह केरचं वेगळं. जानेवारीत जा, एप्रिलमधे भाजून निघाल.

शेवटच्या दिवशी आईने गाइडला माझ्या फोनवर वेरूळचा रावण दाखवला. त्याने झूम करून करून बघितला, डोकी मोजली, फोटो मागून घेतला. परवा त्याचा मेसेज आला, पुढच्या वर्षी पैसे साठवून येतोय, तिथे गर्दी कधी कमी असते? आईने सांगितलेलं उत्तर मी टाइप केलं: दुपारी ये, कैलासपण पश्चिमेकडंच तोंड करून आहे, आणि मंगळवारी येऊ नको, बंद असतं.