निरोप समारंभ : मुलांना बोलू द्या, पण आधी दाखवून

सर, अभिनंदन. किंवा बाई, अभिनंदन. जानेवारीतल्या स्टाफ मीटिंगमध्ये मुख्याध्यापकांनी "यंदा निरोप समारंभ कोण बघतंय?" असं विचारलं तेव्हा सगळे चहाच्या कपात बघत होते आणि तुम्ही नेमकं वर बघितलंत. आता दहावीचा निरोप समारंभ तुमच्या गळ्यात. घाबरू नका. 'हा कार्यक्रम मुलांचा आहे' एवढं एकदा सूचनाफलकावर लावलं की पुढचं सगळं आपल्या हातात असतं.

सुरुवात तारखेपासून करा. अलीकडे बोर्डाची लेखी परीक्षा फेब्रुवारीतच सुरू होते, २०२५ ला तर ती २१ तारखेलाच लागली. तोंडी आणि प्रात्यक्षिकं त्याच्याही आधी. समारंभ ह्या तोंडीच्या अलीकडे बसवा. कारण वीस गुण. बाकीचे ऐंशी बोर्डाकडे, हे वीस तुमच्याकडे. ह्या विसांची किंमत काय ते २०१९ मध्ये कळलं. त्या वर्षी भाषांचे तोंडी गुण बंद झाले आणि राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० वर आला. पुढच्या वर्षी गुण परत आले, निकाल ९५.३० वर गेला. एवढं हत्यार कपाटात असताना मुलांच्या अभिव्यक्तीची भीती कशाला? हॉल तिकिटंही त्याच दिवशी वाटा, पण कार्यक्रम संपल्यावर. आधी वाटलीत तर अध्यक्षांच्या भाषणाला निम्मी सतरंजी मोकळी दिसेल.

एवढं करूनही कोणी फारच मोकळं व्हायला लागला तर शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'वर्तणूक' नावाचा एक रकाना असतो, असं जाता जाता म्हणा. त्या रकान्यात 'चांगली' सोडून दुसरं काही लिहिलेलं कोणाच्या पाहण्यात नाही, पण हे मुलांना माहीत नसतं.

पोशाखाच्या सूचनेत पहिलं वाक्य 'विद्यार्थ्यांनी आपल्या आवडीचा पोशाख परिधान करावा' असं लिहा. पुढची सगळी वाक्यं काय आवडू नये त्याची. इतकी वर्षं दोन वेण्या आणि रिबिनी बांधून आलेल्या मुली त्या दिवशी आईची साडी नेसून येतात. निऱ्यांना सेफ्टी पिनांची रांग, पदर दोन्ही हातांनी धरलेला, आणि पायात पीटीचे बूट, कारण आईच्या चपला मापाच्या नाहीत. मुलगे काकांचा ब्लेझर घालून येतात, त्याच्या बाहीतून फक्त बोटांची टोकं दिसतात. हे दृश्य गोड असतं, त्यामुळे बघत बसायचा मोह होईल. बघत बसू नका. फाटकावर उभे राहा. केस मोकळे दिसले की रबरबँड द्या, गॉगल दिसला की खिशात टाका. रबरबँडचं पाकीट 'किरकोळ खर्च' ह्यात दाखवा.

आता खरी जोखीम : फिशपाँड. ही प्रथा कोणी सुरू केली कळायला मार्ग नाही. बुटांच्या खोक्याला चकचकीत कागद लावायचा, वर भोक पाडायचं आणि मुलांना म्हणायचं, टाका काय मनात असेल ते. चिठ्ठीवर नाव नसतं, हा ह्यातला मूळ दोष. तेव्हा खोकं आदल्या दिवशीच दुपारी उघडा आणि चिठ्ठ्या मराठीच्या बाईंकडे द्या. त्यांनी ह्याच मुलांच्या निबंधाच्या वह्या तपासल्यात. 'क्ष' काढताना शेपूट कोण लांब ओढतं हे त्यांना पाठ असतं. निनावी चिठ्ठीवर नाव घालायला त्यांना एका तासिकेपेक्षा जास्त वेळ लागत नाही.

मग संपादन. नमुन्यादाखल, पीटीच्या सरांना अशी एखादी चिठ्ठी येतेच :

शिट्टी सरांच्या गळ्यात, चेंडू कपाटाच्या कुलपात,
पीटीचा तास आमचा फक्त वेळापत्रकात.

चिठ्ठीत खोटं काही नाही. पीटीचा तास सप्टेंबरपासून गणिताने घेतलाय, चेंडूची हवा नोव्हेंबरात गेली आणि कपाटाची किल्ली कोणाकडे आहे ह्यावर स्टाफरूममध्ये मतभेद आहेत. म्हणूनच ती चालणार नाही. यमकाला धक्का न लावता ती अशी करून घ्या :

शिट्टी सरांच्या गळ्यात, आनंद आमच्या मनात,
पीटीचा तास आमचा कायम स्मरणात.

वाचून झाल्यावर सभागृहात शांतता पसरेल. तिला आदर समजा. एक मात्र तुमच्या लक्षात येईल. मूळ चिठ्ठी सर हळूच मागून घेतात. नियमाने ती त्यांनी फाडायला हवी, पण ते घडी घालून पाकिटात ठेवतात. असे शिक्षक शाळाशाळांत आहेत, त्यांच्यापासून सावध.

अर्थात सगळ्याच चिठ्ठ्यांना कात्री लावायची नसते, नाहीतर खेळकरपणा राहायचा नाही. वर्गातल्या जाड्या मुलावरची चिठ्ठी राहू द्या. काळ्या रंगावरची, तोतरं बोलण्यावरची, वडिलांच्या वडापावच्या गाडीवरचीही राहू द्या. त्या वाचल्या की सगळं सभागृह हसतं, आणि ज्याच्यावर असते तो सगळ्यात मोठ्याने हसतो, म्हणजे त्यालाही आवडली असणार. ह्याला निकोप विनोद म्हणतात. पण 'वर्गात न शिकवलेलं प्रमेय संध्याकाळी सहाच्या क्लासला कसं काय समजतं?' अशी चिठ्ठी निघाली, की तो उद्धटपणा. हा फरक ज्याला कळला त्याला फिशपाँड कळला.

त्यानंतर मनोगत. ह्यासाठी एक हुशार, स्पष्ट उच्चारांचा आणि शिक्षकांच्या घरचा विद्यार्थी निवडा. त्याला सांगा, मनातलं लिही. त्याने आणलेलं शांतपणे वाचा. मग त्याला गेल्या वर्षीचं द्या.

मुलं काय लिहून आणतात ते एकदा बघाच. खेड्यातनं येणाऱ्या एका पोराचा कागद समजा असा आला : 'पावसात एसटी उशिरा यायची तेव्हा शिपाईमामा मागचं फाटक उघडायचे आणि पहिला तास संपेपर्यंत आम्हाला पाण्याच्या टाकीमागं उभं करायचे. एकदा त्यांनी त्यांचा चहा आम्हा तिघांत वाटला.' आता ह्यात अडचणी मोजा. मागचं फाटक कायम बंद असतं, असं आपण तपासणीला लिहून दिलंय. पहिल्या तासाला ही मुलं हजर दाखवलेली आहेत. आणि हे वाक्य माइकवरून वाचलं तर सभागृह टाळ्यांनी दणाणेल, दाराशी उभे असलेले मामा गोंधळतील, म्हणजे कार्यक्रमातल्या पहिल्या खऱ्या टाळ्या प्रमुख पाहुण्यांच्या आधी शिपायाला. सगळा परिच्छेद काढा. तिथे 'शाळा ही आमची दुसरी आई आहे' घाला. एका कार्यक्रमात शाळा किमान चार वेळा दुसरी आई झाली पाहिजे, कमी पडली तर सूत्रसंचालिकेकडून भरून घ्या.

रडण्याची जागाही ठरवून ठेवा. 'आज निरोप घेताना अंतःकरण जड झाले आहे' ह्या वाक्याला आवाज कापला पाहिजे. सरावात दोनदा करून घेतलं की येतं. वेळापत्रकाबाहेर रडणाऱ्या मुली नंतर व्हरांड्यात, सायकल स्टँडपाशी, कुठेही रडत बसतात. त्यांच्याकडे लक्ष देऊ नका, त्याचे फोटो निघत नाहीत.

पाहुण्यांबद्दल जास्त सांगायला नको. शाल, श्रीफळ, गुलाबपुष्प, 'दहावी हा आयुष्याचा टर्निंग पॉइंट', दीड तास.

मग सप्रेम भेट. बॅचने वर्गणी काढून शाळेला काहीतरी द्यायचं, ही रीत चांगली आहे आणि काय द्यायचं ते मुलांनी ठरवायचं, हेही चांगलं आहे, फक्त त्यांनी भिंतीवरचं घड्याळ ठरवलं पाहिजे. कार्यालयात अशी घड्याळं ओळीने लटकलेली असतात, प्रत्येकाची वेळ वेगळी, प्रत्येकाखाली त्या त्या बॅचचं साल. यंदा पंखा आला तर पात्यांवर नावं रंगवून घ्या. इथे मुलांच्या बुद्धीला थोडा झटका बसण्याचा संभव आहे. आठवीत कर्कटकाने बाकावर स्वतःचं नाव कोरलं म्हणून ज्याच्या पालकांना बोलावलं होतं, त्याचंच नाव आता शाळा स्वखुशीने ऑइलपेंटने लिहून घेते. त्याने विचारलंच, तर बाकावर लिहिलं की विद्रूपीकरण होतं आणि पैसे भरून लिहिलं की देणगी होते, एवढं सांगा. नागरिकशास्त्राचा एवढाच धडा त्याला पुढे उपयोगी पडेल.

एखादे तरुण सर मीटिंगमध्ये अमेरिकेचं काढतील. तिकडे म्हणे मुलं पदवीदानाच्या चौकोनी टोपीवर गोंद आणि चमकी लावून काय वाटेल ते लिहितात. हस्तांदोलन करताना एकेक गोटी मुख्याध्यापकांच्या हातात ठेवून त्यांचे खिसे भरल्याच्या गोष्टीही तिकडच्याच. आपल्याकडे हस्तांदोलन नाही, वाकून नमस्कार आहे, त्यामुळे तो धोका नाही. टोप्या हवेत उडवण्याचंही तसंच. ती रीत १९१२ साली अ‍ॅनापोलिसच्या नौदल अकादमीत पडली, कारण त्या वर्षीपासून पास होणाऱ्यांना अधिकाऱ्याची नवी टोपी तिथेच मिळायला लागली आणि जुनीचं काही काम उरलं नाही. आपल्याकडे काम उरलं नाही म्हणून कोणी काही हवेत फेकत नाही, चुलत भावाला देतात.

झग्याचं मात्र संस्थेला वेड आहे, तेव्हा त्या विषयावर जपून बोला. २०१० मध्ये भोपाळच्या वन व्यवस्थापन संस्थेच्या पदवीदानात तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी व्यासपीठावरच झगा उतरवला आणि हा वसाहतकाळाचा रानटी अवशेष असल्याचं सांगितलं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयानेही आपल्या वैद्यकीय संस्थांना काळा झगा आणि टोपी सोडून स्थानिक परंपरेतला पोशाख ठरवायला सांगितलं. डॉक्टरांच्या अंगावरून उतरलेला हा झगा गेला कुठे, असा प्रश्न पडत असेल तर तुमच्याच संस्थेच्या सीनियर केजीत जाऊन बघा. भर मार्चच्या उन्हात साडेपाच वर्षांचे पदवीधर ओळीने उभे असतात, टोपीचा गोंडा तोंडात. झग्याचं भाडं पालकांकडून आगाऊ. दहावीला झगा नको, तिथे साडी-कुर्ता हीच संस्कृती. रंगीत जाहिरातपत्रकावर दोन्ही फोटो शेजारी शेजारी छापा, कोणी विचारत नाही.

हे सगळं सुरळीत पार पडलं तरी एक भोक राहतंच : शेवटचा पेपर. भूगोल सुटला की मुलं स्केचपेन काढतात आणि एकमेकांच्या पांढऱ्या शर्टांवर लिहायला लागतात. कॉलरवर, खिशावर, पाठीवर, जिथे हात पोचेल तिथे. वाचायला सेन्सॉर नाही, निवडायला बाई नाहीत. ज्याच्याशी सातवीपासून बोलणं नव्हतं तो येऊन बाहीवर 'सॉरी रे' लिहून जातो, आणि ज्या दोघांचं भांडण कशावरून झालं ते त्यांनाही आठवत नसतं. ह्यावर उपाय म्हणून शिक्षकांना परीक्षा केंद्राच्या फाटकावर उभं करायची सूचना निघते. निघू द्या. पण तुम्ही जाऊ नका. गेलात तर एखादी मुलगी स्केचपेन पुढे करून म्हणेल, "सर, तुम्हीपण लिहा ना." आणि तुम्हाला 'यशस्वी भव' सोडून दुसरं काही सुचणार नाही. तिच्याकडे त्या शर्टावर तोवर चांगली वाक्यं जमलेली असतील, तुमचं सगळ्यात वाईट दिसेल.

शिस्तीच्या दृष्टीने आजवरच्या दोन बॅच आदर्श म्हणायला हव्यात. २०२० च्या बॅचचा २३ मार्चचा भूगोलाचा पेपर करोनामुळे झालाच नाही, पुढे तो रद्द झाला. शर्ट कोरे राहिले. २०२१ ला तर सगळी परीक्षाच रद्द झाली आणि निकाल लागला ९९.९५ टक्के. त्या वर्षी काही शाळांनी निरोप समारंभ मोबाईलवर घेतला. एकशेवीस मुलं आणि सगळी म्यूट. अध्यक्ष पंचावन्न मिनिटं बोलले आणि कोणी जांभई दिलेली दिसली नाही, कारण कॅमेरेही बंद होते. इतका शिस्तबद्ध कार्यक्रम पुन्हा करता येईल का, ह्यावर संस्था अजूनही गंभीरपणे विचार करते, असं ऐकतो.

राहता राहिला अहवाल. तो आदल्या दिवशीच लिहून स्थानिक पेपरच्या वार्ताहराला पाठवा, सोबत व्यासपीठाचा फोटो. फोटो मागच्या वर्षीचा चालेल, फक्त बॅनरवरचं साल दिसणार नाही असा कापा. मजकूर असा : 'येथील विद्यालयात इयत्ता दहावीच्या विद्यार्थ्यांचा शुभेच्छा समारंभ अत्यंत उत्साहात संपन्न झाला. अध्यक्षस्थानी संस्थेचे अध्यक्ष होते.' मग उपाध्यक्ष, सचिव, सहसचिव, खजिनदार, दोन संचालक, पाहुणे, पाहुण्यांसोबत आलेले, पर्यवेक्षक, सूत्रसंचालन, आभार, सगळी नावं मानाच्या क्रमाने. एक नाव जरी गळलं तरी पुढची मीटिंग त्याच्यावरच जाईल. जागा उरलीच, तर शेवटी टाका : 'यावेळी विद्यार्थीही उपस्थित होते.'