खेळाला चांगला तो मॉनिटर कामालाही चांगलाच, हे खरे नाही

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांतून सध्या एक सल्ला फिरतो आहे. खेळ आणि रोजचे काम या दोन्हींसाठी फार विचार न करता २७ इंची, फुल एचडी, १६५ हर्ट्झचा (सेकंदाला १६५ वेळा चित्र बदलू शकणारा), १ मिलिसेकंदाचा (पिक्सेलचा रंग तेवढ्या वेळात बदलतो असे सांगणारा) वक्र मॉनिटर घ्यावा, कारण खेळाला चांगला तो कामाला चांगलाच आणि हर्ट्झ वाढले की डोळ्यांचा त्रास कमी होतो, असा त्याचा आशय. बेळगावातल्या शहापुरात छपाईसाठी मराठी आणि कन्नड मजकुराची जुळणी करण्यावर माझे पोट आहे. हा सल्ला मला चुकीचा वाटतो, आणि त्यावर विसंबून ओळखीची माणसे पैसे घालत आहेत म्हणून त्यातले मुद्दे एकेक करून तपासतो.

सर्वांत महागात पडणारा मुद्दा आकाराचा आहे. फुल एचडी म्हणजे १९२० गुणिले १०८० पिक्सेल, म्हणजे चित्र घडवणारे ठिपके, मग पडदा २४ इंची असो वा २७ इंची. पहिल्यावर दर इंचाला सुमारे ९२ पिक्सेल येतात, दुसऱ्यावर सुमारे ८२. म्हणजे मोठ्या पडद्यावर ओळी जास्त दिसत नाहीत आणि अक्षरही अधिक रेखीव होत नाही. तेच अक्षर तेवढ्याच पिक्सेलांत ताणून मोठे झालेले असते. इंग्रजी वाचणाऱ्याचे यात फारसे अडत नाही, आपले अडते, कारण आपल्या लिपीचा निम्मा संसार शिरोरेघेच्या वर आणि अक्षराच्या पायाशी असतो. लग्नपत्रिकेतला ‘सर्वांनी’ हा शब्द घ्या. त्यातल्या ‘र्वां’वर रफार आणि अनुस्वार अगदी खेटून बसतात, आणि बारीक टायपात दोघांच्या वाट्याला मोजकेच पिक्सेल येत असल्याने तो अनुस्वार आहे की रफाराचेच टोक जाड झाले आहे, हे नजरेला ठरवता येत नाही. कन्नडात जोडाक्षराचा दुसरा भाग पहिल्याच्या खाली लहान होऊन येतो, तिथेही हीच गत. अशाच एका २७ इंची फुल एचडी पडद्यावर मुद्रित तपासताना माझ्या नजरेतून अनुस्वार निसटला, ‘सर्वानी’ छापून गेले आणि पाचशे पत्रिका पुन्हा छापून द्याव्या लागल्या. २७ इंचच हवे असतील तर २५६० गुणिले १४४० पिक्सेलचा पडदा घ्यावा. त्यावर इंचाला सुमारे १०९ पिक्सेल बसतात आणि विंडोजमध्ये स्केल, म्हणजे अक्षरे-चिन्हे मोठी करण्याचे प्रमाण, १२५ टक्के ठेवले की अक्षर पुरेसे मोठे राहून रेखीवही दिसते. तेवढे बजेट नसेल तर २४ इंची फुल एचडीच बरा.

हर्ट्झ आणि डोळ्यांचा संबंध जोडण्यामागे जुन्या काचेच्या मॉनिटरची आठवण असावी. ते पडदे ६० हर्ट्झवर खरोखर लुकलुकत, म्हणून आम्ही ते ७५ किंवा ८५वर ठेवत असू. आजच्या एलसीडीवर चित्र पुढचे चित्र येईपर्यंत टिकून राहते. लुकलुक झालीच तर ती बहुधा उजेड कमी करताना मागचा दिवा वेगाने चालू-बंद करण्याच्या पद्धतीमुळे होते, आणि १६५ हर्ट्झने ती जात नाही. डोळे कोरडे पडतात ते मुख्यतः पडद्याकडे पाहताना पापण्या कमी मिटतात म्हणून.

खेळात मात्र हर्ट्झचा फायदा खरा आहे आणि तो नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. ६० हर्ट्झवर नवे चित्र १६.७ मिलिसेकंदांनी येते, १४४वर ६.९ मिलिसेकंदांनी, नेमबाजीच्या खेळात हा फरक हाताला जाणवतो. पण संगणकाने तितकी चित्रे तयार करायला हवीत. खानापूरच्या माझ्या भाच्याच्या संगणकात वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही, त्याचा आवडता खेळ सेकंदाला चाळीसच्या आसपास चित्रे देतो. त्याच्या १६५ हर्ट्झच्या पडद्याचा बराचसा वेग वायाच जातो. शिवाय विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये तो पडदा चार महिने ६० हर्ट्झवरच होता.

खोक्यावरचा १ मिलिसेकंद हा आकडा बहुधा ओव्हरड्राइव्ह, म्हणजे पिक्सेलला रंग झटपट बदलायला लावणारी सेटिंग, पूर्ण चढवून काढलेला असतो, आणि तसे ठेवले की हलत्या वस्तूमागे उजळ सावली उमटते. वक्र पडदे बहुतेक व्हीए पॅनेलचे, म्हणजे एलसीडीच्याच एका प्रकारचे असतात. त्यांचा काळा रंग गडद असला तरी अंधाऱ्या दृश्यांत हलती आकृती फरफटल्यासारखी दिसते. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत यंत्रांच्या सुट्या भागांची ड्रॉइंग करणाऱ्याला सरळ रेघ सरळच दिसायला हवी, त्याने वक्र पडदा घेऊ नये.

खरेदीला जाताना आपली नेहमीची एखादी मराठी किंवा कन्नड फाइल पेनड्राइव्हवर न्यावी, दुकानदाराला ती विंडोजच्या संगणकावर उघडायला सांगावी आणि हातभर अंतरावरून ‘सर्वांनी’वरचा अनुस्वार रफारापासून वेगळा दिसतो का, ते पाहावे.