झाडाचे आळे आणि आपली स्वच्छता

इंदूरमध्ये झाडे लावणाऱ्यांची वाण नाही. 14 जुलै 2024 रोजी रेवती रेंजच्या टेकडीवर एका दिवसात 11 लाखांहून अधिक रोपे लावून शहराने गिनीज बुकात नाव नोंदवले, तेव्हा आमच्या राजेंद्रनगरातही कौतुकाला भरती आली होती. आज मला लिहायचे आहे ते दारातल्या जुन्या झाडांविषयी, ज्यांच्याकडे आपण फक्त सावली हवी असताना पाहतो.

आमच्या गल्लीतल्या कडुनिंबाचा शेंडा दोन वर्षांपूर्वी विरळ होऊ लागला. कोणी वाळवी म्हणाले, कोणी औषध फवारायला सांगितले. शेवटी आम्हा सात-आठ निवृत्तांच्या मंडळाने उद्यानविद्या शिकलेल्या एका तरुणीला फी देऊन बोलावले. तिने झाडाकडे जेमतेम पाहिले आणि थेट बुंध्याला भिडवलेल्या पेव्हर ब्लॉककडे बोट दाखवले. झाडाला अन्नपाणी पुरवणारी बारीक मुळे बहुतांशी वरच्या दीड-दोन फूट मातीत असतात, फांद्यांच्या सावलीच्याही पलीकडे पसरतात आणि त्यांना पाण्याइतकीच हवा लागते, हे तिने आम्हाला पहारीने फरशी उचकटत समजावले. माळव्याची काळी माती आधीच चिकट. तिच्यावर सिमेंट दाबले की मुळांनी श्वास घ्यायचा कोठून? दिल्लीपुरता का होईना, राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्येच झाडांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचा आदेश दिला होता.

गंमत म्हणजे हे सारे इंदूरला नवे नसावे. अल्बर्ट हॉवर्ड हे वनस्पतिशास्त्रज्ञ 1924 ते 1931 या काळात याच शहरात काम करत होते. गवताखाली वाढणाऱ्या फळझाडांच्या मुळांना हवा कशी कमी पडते, यावरचा त्यांचा बिहारमधील पुसा येथील प्रयोगांचा निबंध 1925 साली प्रसिद्ध झाला, आणि पालापाचोळा, शेण व माती यांपासून खत करण्याची त्यांची रीत जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणूनच ओळखली जाते. ज्या गावाचे नाव खताच्या पद्धतीला मिळाले, त्याच गावात आपण झाडाखालचे पान न् पान झाडून गाडीत भरतो. 2017 पासून स्वच्छतेत पहिला क्रमांक मिळवल्याचा अभिमान मलाही आहे, पण पानगळ म्हणजे कचरा ही समजूत त्या अभिमानाबरोबर घरात शिरली, असे माझे स्पष्ट मत आहे. ओल्या कचऱ्याचे खत होते हे खरे. तरी कडुनिंबाचे पान कडुनिंबाच्याच आळ्यात कुजले, तर मातीचा ओलावा टिकतो आणि वाहतुकीचा खर्चही वाचतो.

स्वयंसेवकांच्या उत्साहाविषयीही थोडे लिहिले पाहिजे, कारण त्यात मीही होतो. आम्ही एकदा गुलमोहराची वाळकी फांदी एकाच घावात कापली; ती कोसळताना खोडाची साल हातभर सोलून घेऊन गेली आणि आम्ही त्या जखमेवर मोठ्या प्रेमाने रंग फासला. फांदीला आधी खालून अर्धवट काप द्यावा, मग थोडे बाहेरून वरून कापून वजन उतरवावे आणि उरलेला खुंट फांदीच्या बुडाशी असलेला फुगवटा राखून काढावा, हे आम्हाला नंतर कळले. झाड जखम भरून काढत नाही, ते तिच्याभोवती नवे लाकूड वाढवून तिला आत बंद करते. रंगाने त्याला काही मदत होत नाही.

म्हणून आता आमच्यात वाटणी ठरली आहे. आळी करणे, नव्या रोपांना पहिली दोन-तीन वर्षे पाणी घालणे, खोडातले खिळे आणि रोषणाईच्या आवळलेल्या तारा काढणे हे आमचे काम. उंचावरची छाटणी आणि कललेले झाड धोक्याचे आहे की नाही हा निर्णय जाणकाराचा. त्या तरुणीची फी ऐकून वातानुकूलन यंत्राच्या दुरुस्तीला निमूट पैसे देणारे शेजारी कुरकुरतात, ते कुरकुरू देत.

कडुनिंबाला यंदा शेंड्याला पालवी फुटली आहे. पाने आळ्यातच राहू द्या, असे आम्ही गल्ली झाडणाऱ्या ताईंना विनवले, तेव्हा त्या म्हणाल्या, “साहब डाँटेंगे, लिखकर दे दो.” त्यांचे बरोबरच होते. आम्ही लिहून दिले, गल्लीतल्या अकरा घरांनी सह्या केल्या आणि तो कागद आता फाटकाला सुतळीने बांधला आहे.