वजनाचं ऑपरेशन सरकारी पैशातून? कट्ट्यावर झालेलं भांडण

"तोंडावर ताबा नाही म्हणून पोट कापून घ्यायचं, आणि त्याचं बिल मी भरायचं? मग मी कर कशाला भरतो?"

पैलवान हे बोलला आणि कट्ट्यावर कुणीच काही बोलेना. एरवी मी त्याचं बोलणं सोडून देतो. त्या संध्याकाळी सोडवेना, कारण माझ्या डोळ्यांसमोर माझी धाकटी बहीण होती.

विषय मास्तरांनी काढला होता. ब्रिटनमध्ये वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया, म्हणजे बेरिॲट्रिक सर्जरी, एनएचएस या तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या खर्चाने होते. अमेरिकेत मेडिकेअर ही मुख्यतः ज्येष्ठांसाठीची सरकारी विमा योजना २००६ पासून तिचा खर्च उचलते. हे योग्य आहे का, एवढंच त्यांनी विचारलं होतं.

पैलवानाबद्दल आधी सांगतो, नाहीतर त्याच्यावर अन्याय होईल. तो व्यायामशाळा चालवतो. पहाटे पाचला कुलूप काढतो, जड माणसांना हाताला धरून चालायला शिकवतो, कुणी आलं नाही तर घरी जाऊन बोलावतो. त्याच्या बोलण्यात तिरस्कार नसतो. त्याचा प्रश्न सरळ होता. "माझ्याकडे येणारा स्वतःच्या खिशातून पैसे भरून घाम गाळतो. त्याला कुणी काही देत नाही. आणि जो काहीच करत नाही त्याला ऑपरेशन फुकट?"

मी म्हटलं, "खरं सांग. तुझ्याकडे ज्यांनी तीस-चाळीस किलो उतरवलं, त्यांतले पाच वर्षांनंतर तसेच राहिलेले किती?"

त्याने टाळाटाळ केली नाही. बोटं मोजायला लागला. एकेक चेहरा आठवत होता, हे दिसत होतं. तीन बोटं दुमडली. चौथं अर्धवट दुमडून परत सरळ केलं. "तिघं. चौथा होता, पण गेल्या वर्षापासून तो येत नाही."

"आणि बाकीचे आळशी होते?"

"नाही रे. काहींनी तर माझ्यापेक्षा जास्त मेहनत केली."

इथे ताई बोलायला लागल्या. त्या शस्त्रक्रिया विभागात नर्स आहेत, ड्यूटीवरून येताना कट्ट्यावर घटकाभर टेकतात. "अरे, वजन उतरलं की शरीराला वाटतं दुष्काळ पडला. ते भूक वाढवतं आणि खर्च आवरतं." त्यांनी २०१६ मध्ये छापून आलेला एक अभ्यास सांगितला. टीव्हीवरच्या वजन घटवण्याच्या स्पर्धेतले १४ स्पर्धक सहा वर्षांनी पुन्हा तपासले. बहुतेकांचं वजन बरंचसं परत आलं होतं. तरीही त्यांचं शरीर बसल्याजागी जाळायला हवी त्यापेक्षा दिवसाला सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होतं. म्हणजे तेवढ्याच वजनाच्या दुसऱ्या माणसाला जे जेवण पुरतं, ते यांना जास्त होणार, आणि भूक मात्र त्याच्यापेक्षा मोठी. पैलवान हे लक्ष देऊन ऐकत होता. त्याच्या पाहण्यातलंच होतं ते, फक्त त्याला नाव नव्हतं.

मास्तरांनी १९८६ सालचा डॅनिश अभ्यास काढला. दत्तक गेलेल्या ५४० जणांची वजनं पाहिली, तर ती जन्मदात्यांच्या वजनाशी जुळत होती. ज्यांच्या घरात ते वाढले, ज्यांच्या ताटात जेवले, त्यांच्या वजनाशी जुळत नव्हती.

पैलवानाने यावर जे विचारलं ते मला त्या संध्याकाळचं सगळ्यांत चांगलं वाक्य वाटतं. "मास्तर, जनुकं गेल्या तीस-चाळीस वर्षांत बदलली का? नाही ना? मग माणसं का जाड झाली?"

प्रश्न बिनतोड आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांप्रमाणे १९९० पासून २०२२ पर्यंत मोठ्या माणसांमधला लठ्ठपणा दुपटीहून जास्त झाला, आणि २०२२ मध्ये जगात आठातला एक जण लठ्ठपणासह जगत होता. एवढ्या काळात जनुकं बदलत नाहीत. खाणं स्वस्त झालं, चविष्ट झालं, हाताशी आलं. चालणं कमी झालं, झोप कमी झाली. मास्तर म्हणाले, "पाऊस सगळ्यांवर पडतो पैलवान. पण कुणाचं छप्पर गळकं असतं. पाऊस बदलला, छपरं तीच आहेत." मला हे पटलं. पैलवानाला अर्धंच पटलं. "छप्पर गळतंय हे कळल्यावर वर चढून डागडुजी करायची जबाबदारी कुणाची?"

म्हणून मी बहिणीचं सांगितलं. तोवर कट्ट्यावर कधी सांगितलं नव्हतं.

ती सोळा वर्षांची असल्यापासून डायरी लिहायची. उजव्या पानावर खाल्लेलं, डाव्या पानावर सकाळचं वजन. अशा एकवीस डायऱ्या तिच्या कपाटात आहेत. कार्यक्रमाला गेली की उभी राहायची. लोकांना वाटायचं हिला मिरवायची हौस. खरं कारण हातांच्या खुर्च्या. एकदा ती उठली तेव्हा खुर्ची तिच्याबरोबर उठली होती, आणि त्यानंतर ती चारचौघांत कधी बसली नाही. गुडघे दुखतात म्हणून एका दवाखान्यात गेली, तर डॉक्टरांनी गुडघ्याला हातही न लावता सांगितलं, "आधी वजन उतरवून या." तिने त्याआधी सहा वेळा उतरवलं होतं. डायऱ्यांत तारखांसकट आहे. शुगर ३४ व्या वर्षी लागली. ऑपरेशन आम्ही कर्ज काढून केलं.

"तिला तू बेजबाबदार म्हणशील का?" मी पैलवानाला विचारलं. तो म्हणाला, "तिला नाही म्हणणार. पण सगळे तिच्यासारखे नसतात."

खरं आहे. सगळे तिच्यासारखे नसतात. पण प्रामाणिक कोण आणि बेफिकीर कोण हे कोणता कारकून ठरवणार? तिच्या डायऱ्या कपाटात होत्या. दवाखान्यात तिच्याकडे पाहणाऱ्याला फक्त तिचं शरीर दिसत होतं.

अण्णा इतका वेळ गप्प होते. त्यांनी आयुष्यभर हिशेब तपासले. ते म्हणाले, "माझ्या हृदयातले दोन स्टेंट सरकारी योजनेतून बसले. मी तीस वर्षं सिगारेट ओढली. मला कुणी विचारलं नाही की तू यास पात्र आहेस का. हे तुम्ही म्हणण्याआधी मीच म्हणतो." मग थोडं थांबून, "पण मी सिगारेट सोडली. पुन्हा हात लावला नाही. हिशेब तिथे मिटला. वजनाच्या माणसाचा हिशेब मिटतो का?"

ताई म्हणाल्या, "अण्णा, तुम्ही सिगारेट पूर्ण सोडू शकलात. जेवण कुणाला पूर्ण सोडता येतं? तुम्हाला दिवसातून तीन सिगारेटी ओढायच्याच, चौथी नाही, असं आयुष्यभर सांगितलं असतं तर?"

अण्णा हसले नाहीत. बराच वेळ विचार करून म्हणाले, "जमलं नसतं."

पण हिशेबनीस माणूस तो. "बरं, पात्रता बाजूला ठेवू. पैसा तर मोजावाच लागेल. रांगेत शंभर रोगी, तिजोरीत वीस जणांचे पैसे. यांना का द्यायचे?"

मला वाटतं खरा वाद इथून सुरू होतो. उपयोग होतो का, हे आधी पाहायचं. स्वीडनमध्ये १९८७ पासून सुमारे दोन हजार ऑपरेशन झालेले आणि तेवढेच न झालेले असे दोन गट वर्षानुवर्षं पाहिले. ऑपरेशन झालेले सरासरी तीन वर्षं जास्त जगले. पण सर्वसाधारण लोकांपेक्षा ते तरीही साडेपाच वर्षं कमीच जगले, हेही सांगायला हवं. हे गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते, म्हणून मी फक्त त्यावर विसंबत नाही. अमेरिकेत १५० मधुमेहींचे मात्र चिठ्ठ्या टाकून गट केले. पाच वर्षांनी साखर ठरलेल्या मर्यादेत असलेले फक्त औषधोपचाराच्या गटात ५ टक्के होते, बायपासच्या (हृदयाचा नव्हे, जठर लहान करून अन्नाची वाट वळवणारं ऑपरेशन) गटात २९, स्लीव्हच्या (जठराचा मोठा भाग काढून टाकणारं ऑपरेशन) गटात २३. म्हणजे ऑपरेशनने सगळे बरे होत नाहीत. पण एकात पाच आणि दुसऱ्यात एकोणतीस, हा फरक लहान नाही.

"आणि पैसे वसूल होतात का?" अण्णा.

स्वीडनचाच हिशेब आहे. ज्यांना आधीच मधुमेह होता, त्यांच्यात औषधं वाचल्यामुळे १५ वर्षांचा एकूण खर्च दोन्ही गटांत साधारण सारखाच आला. ज्यांना मधुमेह नव्हता, त्यांच्यात ऑपरेशनवाल्यांचा खर्च जास्त. अण्णांनी लगेच निष्कर्ष काढला, "मग आधी मधुमेहींना द्या." मीही तेच म्हणतो. रांग आजारावरून लावा, चारित्र्यावरून नको. ब्रिटनची मार्गदर्शक तत्त्वं साधारण हेच करतात: बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, ४० च्या वर, किंवा ३५ च्या वर आणि सोबत मधुमेहासारखा आजार, आशियाई वंशाच्या लोकांना हीच रेषा आणखी खाली, कारण त्यांना कमी वजनातच शुगर गाठते.

मास्तरांनी मधेच वजन उतरवणाऱ्या नव्या इंजेक्शनांचं विचारलं. त्यावर फार बोललो नाही. सेमाग्लुटाइडने ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के वजन उतरतं, थांबवलं की वर्षभरात त्यातलं दोन तृतीयांश परत येतं. म्हणजे तिथेही प्रश्न तोच, फक्त बिल दर महिन्याला.

पैलवानाने आपला मुद्दा सोडला नव्हता. "निदान एवढं करा. आधी सहा महिने आहार-व्यायाम करून दाखवा, मगच पैसे. माझ्याकडे पाठवा." अशी अट काही विमा योजनांत खरंच होती. अमेरिकेतल्या बेरिॲट्रिक सर्जनांच्या संघटनेने २०१६ मध्ये ती शास्त्राला धरून नाही असं जाहीर म्हटलं. तिच्यामुळे उपचार लांबतात, परिणाम सुधारत नाहीत. ज्याच्या उपचारासाठी तू आलास, ते आधी स्वतः बरं करून ये, असा तिचा अर्थ होतो.

पण पैलवानाच्या बोलण्यात एक खरी गोष्ट होती, आणि ती ताईंनी उचलली. "करून दाखवायचं असतंच रे. फक्त आधी नाही, नंतर." मग त्यांनी सांगितलं ते असं. स्लीव्हमध्ये जठराचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग काढतात. भुकेचं घ्रेलिन नावाचं संप्रेरक मुख्यतः त्याच भागात तयार होतं, म्हणून भुकेची हाक मंदावते. ऑपरेशनमध्ये मृत्यूचा धोका हजारात एकाच्या आसपास किंवा त्याहून कमी. ते तासा-दोन तासांत उरकतं. आणि मग सुरू होतं ते आयुष्यभर. लहान चमचा, एकेक घास बारीक चावून, घोट घोट पाणी तेही जेवणाबरोबर नाही. लोह, कॅल्शियम, डी जीवनसत्त्व, बी-१२ रोज. दरवर्षी रक्त तपासायचं. बायपासनंतर दारू लवकर चढते आणि काही जणांना तिचं व्यसन लागतं, म्हणून त्यावरही लक्ष ठेवायचं. "माझ्या वॉर्डातून घरी जाणाऱ्याला आम्ही जेवढे नियम देतो, तेवढे हर्नियावाल्याला कधी देत नाही. आणि तुम्ही म्हणता हा सोपा रस्ता."

माझं म्हणणं नेमकं इथे आहे. जबाबदारीचा प्रश्न सगळे ऑपरेशनच्या आधी विचारतात, आणि फक्त रोग्याला. नंतर विचारायला हवा, आणि पैसे देणाऱ्यालाही. ब्रिटनमध्ये निदान दोन वर्षं त्याच पथकाकडे पाठपुरावा आणि पुढे दरवर्षी तपासणी, असं लिहून ठेवलं आहे. माझ्या बहिणीला ऑपरेशनच्या ठिकाणाहून तीन वेळा बोलावलं. मग बोलावणं बंद झालं. दुसऱ्या वर्षी तिच्या पायांना मुंग्या यायला लागल्या, रात्री तळव्यांना चपला घातल्यासारखं वाटायचं. शुगरचा परिणाम म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं. खरं कारण वेगळं होतं, बी-१२ तळाला गेलं होतं. गोळ्या तिने पैशांच्या ओढीत आधी अर्ध्या केल्या, मग बंद केल्या होत्या. आम्ही ऑपरेशनचं कर्ज फेडत होतो, आणि जे स्वस्तातलं होतं तेच सुटलं. इंजेक्शनांनी मुंग्या बऱ्याच कमी झाल्या, पूर्ण गेल्या नाहीत.

ज्याने ऑपरेशनचे पैसे दिले त्याने गोळ्यांचे, रक्ततपासणीचे आणि आठवण करून देणाऱ्या माणसाच्या पगाराचेही द्यायला हवेत. नाहीतर नुसत्या ऑपरेशनची गिनती करून पाठ थोपटून घेणं होतं. आणि हे जर परवडत नसेल, तर ऑपरेशनं कमी करा, पण जी कराल ती शेवटपर्यंत निभवा.

पैलवान बराच वेळ पायाने माती उकरत होता. "पैसे द्या असं मी अजून म्हणत नाही," तो म्हणाला. "पण दिलेत तर तू म्हणतोस ते सगळं द्या. अर्धवट नको. अर्धवट सोडलेला माणूस माझ्याकडे येतो तेव्हा आधीपेक्षा वाईट अवस्थेत असतो."

अण्णा काठी शोधत उठले. ताईंनी पिशवी खांद्याला लावली आणि जाता जाता मला विचारलं, "तुझ्या बहिणीची या वर्षीची रक्ततपासणी झाली का रे?"

मला माहीत नव्हतं. तिथूनच फोन लावला. पलीकडे ती थोडी गप्प झाली. मग म्हणाली, "दोन महिन्यांपूर्वीच करायची होती, दादा."