टेकडी फोडली की परत भरता येत नाही

बालभारती ते पौड फाटा रस्त्याचा वाद पुण्यात वर्षानुवर्षं चालला आहे. लॉ कॉलेज रोडची कोंडी फुटावी म्हणून वेताळ टेकडीच्या अंगावरून नवा रस्ता काढायचा, हा महापालिकेचा प्रस्ताव. टेकडीवर रोज फिरायला जाणाऱ्या हजारोंचा त्याला विरोध आहे. मी नेदरलँड्समधल्या उट्रेख्त शहरात राहते, आणि या वादात पूर्णपणे टेकडीच्या बाजूने आहे.

उट्रेख्तभोवती मध्ययुगापासून पाण्याचा खंदक होता. १९७० च्या दशकात त्याचा एक भाग बुजवून तिथे मोटाररस्ता केला गेला. गाड्या वाढणार, मग रस्ते हवेत, असाच तेव्हाचा हिशेब होता. २००२ साली नागरिकांनी सार्वमतात खंदक परत आणायचा कौल दिला, आणि पाणी पुन्हा शहराभोवती फिरायला २०२० उजाडलं. म्हणजे चूक पुसायला अठरा वर्षं आणि प्रचंड पैसा लागला. तरी खंदक निदान पुन्हा खणता आला. वेताळ टेकडीचा खडक एकदा फोडला, झरे आटले, की कुठल्याच सार्वमताने ते परत येणार नाहीत.

'डच लोक मुळातच सायकलवाले, तिथे ऊन नाही, चढ नाही,' हे मी पुण्याच्या प्रत्येक भेटीत ऐकते. पण हा देशही गाड्यांच्याच मागे धावत होता. १९७१ साली रस्ते अपघातांत इथे सुमारे ३,३०० माणसं गेली, त्यात चारशेहून जास्त लहान मुलं होती. आईबाप रस्त्यावर उतरले. पाठोपाठ १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखलं आणि सरकारने काही रविवार खासगी गाड्या बंद ठेवल्या. रिकाम्या हमरस्त्यांवर लोक सायकली घेऊन निघाले. संकट सरलं, पण रस्त्याची जागा कोणाला द्यायची हा प्रश्न लोकांनी सोडला नाही. आणि पुणंही याच उन्हात, याच चढांवर एकेकाळी सायकलींचं शहर होतंच की!

उट्रेख्तची नक्कल पुण्यात चालणार नाही, हे मला मान्य आहे. पुणं कितीतरी मोठं आहे, माणसं लांबून कामाला येतात. त्यांच्यासाठी खरा आधार बसचा. २००६ साली पुण्याने देशात सर्वांआधी बीआरटी, म्हणजे बससाठी राखीव मार्गिका, सुरू केली आणि मग ती अर्धवट सोडली. नगर रस्त्यावरची तर उखडूनच टाकली. याचं मला फार वाईट वाटतं, कारण कल्पना चांगली होती, ती नेटाने राबवली गेली नाही.

इलेक्ट्रिक गाड्या आल्या की सुटलो, असंही हल्ली बोललं जातं. आपण ८५ टक्क्यांहून जास्त कच्चं तेल आयात करतो, तेव्हा त्या याव्यातच. पण इलेक्ट्रिक गाडीही कोंडीत तितकीच जागा अडवते, आणि तिच्यासाठीही कोणीतरी टेकडी मागेलच.

लक्ष्मी रस्ता ११ डिसेंबरला पादचारी दिन म्हणून गाड्यांना बंद असतो, तेव्हा माणसांची झुंबड उडते. तो एक दिवस महिन्यातून एकदा करा. लॉ कॉलेज रोडवरचं पार्किंग हटवा, तिथे गर्दीच्या वेळी पाच-पाच मिनिटांनी बस सोडा, पदपथ सलग करा. दोन वर्षं हे मनापासून चालवा आणि मग कोंडी मोजा. तोवर टेकडीला हात लावू नका.