उठवणीला येण्याआधी

मे महिन्यात तीन आठवडे कोपरखैरणेला होतो. आमचं घर माथाडींच्या वसाहतीतलं. आण्णा १९७३ साली साताऱ्याच्या दुष्काळी माण तालुक्यातून मुंबईला आले, मशीद बंदरावर कांद्या-बटाट्याची पोती वाहिली, आणि बाजार खाडी ओलांडून इकडे आला तसे तेही आले. आमच्या गल्लीतली निम्मी घरं अशीच आहेत. माण, खटाव, पाटण, जावळी.

एका संध्याकाळी टीव्हीवर दुष्काळी गावांतल्या टँकरची बातमी लागली होती. दाजी म्हणाले, "दरवर्षीचंच आहे हे. टँकर, अनुदान, छावण्या. टॅक्स आपण भरायचा आणि वाटायचा यांना. पाणी नाही तिथं राहायचं कशाला?" खोलीतल्या चौघांनी माना डोलावल्या. आण्णा काही बोलले नाहीत. मलाही नीट बोलता आलं नाही. मी अकरा वर्षं नैरोबीत राहतो, पाण्याच्या टाक्या बनवणाऱ्या कारखान्यात नोकरी करतो. दुष्काळ मी तिथं जवळून पाहिलाय, त्यामुळे एकदा बोलायला लागलो की थांबणं अवघड जातं. म्हणून हे लिहून काढतोय.

आधी आण्णांचं सांगतो. १९७२ च्या दुष्काळात ते एकोणीस वर्षांचे होते. आजीनं आणि त्यांनी दुष्काळी कामावर खडी फोडली, पाझर तलावाची माती वाहिली. कामावर सुकडी मिळायची, म्हणजे पौष्टिक कोरडा खाऊ, आणि रेशनला मिलो, बाहेरून आलेली लाल ज्वारी. त्या लाल मिलोच्या भाकरीची चव आण्णा अजून सांगतात, तोंड वाकडं करून सांगतात, पण त्या भाकरीवर घरातली सात माणसं जगली. पुढं त्याच कामांतून रोजगार हमीचा कायदा झाला, १९७७ साली, आणि सगळ्या देशानं तो धडा २००५ मध्ये गिरवला. आमच्या गल्लीतल्या कितीतरी म्हाताऱ्यांनी सरकारी कामावरची ती मजुरी घेतली आहे. त्यांच्या हाताला आळस लागला असं मला कुठं दिसलं नाही. त्यांनीच नंतर वाशीचा बाजार पाठीवर उचलला.

आता केनियाचं. ऑक्टोबर २०२० पासून उत्तर केनियात लागोपाठ पाच पावसाळे वाया गेले. तिथं वर्षाला दोन पावसाळे असतात, मार्च ते मे आणि ऑक्टोबर ते डिसेंबर. सप्टेंबर २०२१ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी दुष्काळ ही राष्ट्रीय आपत्ती जाहीर केली. २०२२ मध्ये तर नैरोबीतही तो दिसायला लागला. मसाई गुराखी गाई घेऊन शहरात शिरले होते, रस्त्याकडेच्या पट्ट्यातलं गवत चारायला. ऑफिसला जाताना गाडीच्या काचेजवळून गाय जायची आणि तिच्या बरगड्या मोजता यायच्या.

त्याच वर्षी टाक्या पोचवायला उत्तरेच्या मार्साबिट परगण्यात (तिथली काउंटी, आपल्या जिल्ह्यासारखी) गेलो होतो, लैसामिसच्या पलीकडे. रेंडिले या गुराखी लोकांची वस्ती. पिवळे वीस लिटरचे कॅन रांगेत मांडून ठेवले होते, शंभरेक तरी असतील, आणि माणसं मात्र सावलीला. टँकर कधी येईल कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून कॅनच रांगेत उभे. पुढं एका झाडाखाली एक गाय बसली होती. दोन पोरं आणि एक बाई तिला उठवत होती. एकानं शेपूट धरलं, एकानं शिंगं, बाईनं पोटाखाली खांदा घातला. गाय उभी राहिली, चार पायांवर थरथरली आणि पुन्हा बसली. त्यांनी पुन्हा धरली.

रात्री आण्णांना फोन केला. सांगायला लागलो तर त्यांनी मधेच तोडलं. "आरं, उठवणीला आली म्हण की." मला हा शब्द विसरायलाच झाला होता. जनावर इतकं खंगतं की बसल्यावर आपलं आपण उठत नाही, माणसांनी उभं करावं लागतं. आण्णा म्हणाले, "तितवर आलं की संपलं. इकायला गेलं तर कुणी घेत न्हाई, चारा घातला तर अंगी लागत न्हाई. जे काय करायचं ते त्याच्या आधी."

मला एवढंच म्हणायचं आहे. मदत द्यावी की नको या वादात आपण वर्षं घालवतो. ती जनावर उठवणीला येण्याआधी पोचते का, आणि ज्याची गरज आहे त्याच्या हातात पोचते का, हे कुणी विचारत नाही.

केनियानं निदान हा प्रश्न मांडला आहे. तिथं दुष्काळासाठी वेगळं प्राधिकरण आहे, २०११ पासून. कोरड्या भागातल्या प्रत्येक परगण्याचं दर महिन्याला पत्रक निघतं. पाऊस किती झाला हे त्यात असतंच, पण जनावरं पाण्यासाठी किती किलोमीटर चालतात, दूध किती निघतं, एक बकरी विकून किती किलो मका येतो, लहान मुलांच्या दंडाचा घेर किती, हेही असतं. बकरी आणि मक्याचा हा हिशोब मला फार शहाणपणाचा वाटतो. बकरीचा भाव पडायला लागला की समजायचं, लोक घाबरून विकायला लागलेत. जनावर मरायच्या कितीतरी आधी बाजार ते सांगतो.

उत्तरेच्या चार परगण्यांत, तुर्काना, मार्साबिट, मंडेरा आणि वाजिरमध्ये, सुमारे एक लाख गरीब कुटुंबांच्या खात्यावर दर दोन महिन्यांनी ५,४०० शिलिंग जमा करण्याची योजना होती. बाकीच्या बहुतेक कुटुंबांचीही खाती आधीच उघडून ठेवली होती. दुष्काळ वाढला की यादी करत बसायचं नाही, त्याच खात्यांवर पैसे सोडायचे. जनावरांचा विमाही निघाला, मार्साबिटमध्ये २०१० साली. तो मेलेली जनावरं मोजत नाही. उपग्रह गवताचा हिरवेपणा मोजतो आणि तो ठरलेल्या पातळीखाली गेला की पैसे मिळतात. पुढं सरकारी योजनेत जनावर जिवंत असतानाच चाऱ्यासाठी पैसे देण्याची पद्धत आली.

आणि एवढं असूनही त्या दुष्काळात २५ लाखांच्या आसपास जनावरं मेली. २०२२ च्या अखेरीस सुमारे ४४ लाख लोकांना मदत लागत होती. पाच पावसाळे गेल्यावर कुठलीच योजना पुरत नाही. विमा थोड्यांचाच होता. उपग्रहालाही फसायला होतं. केनियात 'मथेंगे' नावाचं काटेरी झुडूप माजलंय, म्हणजे आपली वेडी बाभूळ. खाली गवताची काडी नसते, पण वरून सगळं हिरवं दिसतं. केनियाचं सगळं चांगलं आणि आपलं सगळं वाईट असं मी म्हणणार नाही. रोजगार हमीसारखा हक्क तिथल्या गुराख्याला नाही.

आपल्याकडे २०१८ च्या ऑक्टोबरात १५१ तालुके दुष्काळी जाहीर झाले, त्यात माण होता. २०१९ चा उन्हाळा माझ्या चुलत्यांनी म्हसवडकडच्या चारा छावणीत काढला, दोन खिल्लारी बैल आणि एक गाय घेऊन. काकू तिथंच चूल मांडून राहिली. मोठ्या जनावराला दिवसाला शंभर रुपयांचं अनुदान होतं. छावण्यांत घोळ झाले हे दाजींचं म्हणणं खरं आहे, कागदावरची जनावरं सरकारी पैशानं चारा खात होती. म्हणून तर त्या वर्षी जनावरांच्या कानाला बारकोड आले. पण चोरी झाली म्हणून चोर धरायचा असतो. काकूचे बैल त्या छावणीमुळे जगले आणि पाऊस पडल्यावर नांगराला जुंपले गेले. २०२३ ला ४० तालुक्यांची यादी आली तेव्हा माण तीत नव्हता. मग 'दुष्काळसदृश' महसूल मंडळांची वेगळी यादी निघाली. चुलत्यांनी तोवर गाय विकली होती.

तरी चुलत्यांच्या नावावर सातबारा आहे. पिकाच्या नुकसानीची मदत हेक्टरवर मोजली जाते, केंद्राच्या निकषात कोरडवाहूला हेक्टरी ८,५०० रुपये. ज्याच्याकडे हेक्टरच नाही तो कुठल्या रकान्यात बसतो?

त्याचं उत्तर मला निघायच्या आदल्या आठवड्यात शिळफाट्याहून तळोज्याकडे जाताना मिळालं. रस्त्यालगत, टॉवरांच्या पायथ्याशी एका कापलेल्या शेतात धनगराचा वाडा उतरला होता. मेंढ्यांभोवती वाघर, म्हणजे जाळी, लावलेली, दोन घोड्यांवरचं बिऱ्हाड खाली, पालाशेजारी टोपलीखाली कोंबड्या. गाडी थांबवली. पारनेर तालुक्यातली माणसं, दिवाळीनंतर माळशेज उतरून कोकणात येतात, खतासाठी शेतात मेंढ्या बसवतात, पावसाच्या तोंडावर परत जातात. वाड्यावरच्या वहिनी चहा टाकत होत्या. मी मदतीचं विचारलं तर म्हणाल्या, "जमीन न्हाई, मंग कशाची मदत? साहेब लोक गावात येत्यात तवा आम्ही इकडं असतो." मेंढ्या दगावल्या तर? "पंचनामा गावच्या तलाठ्याकडं. मेंढरू मेलं इथं. कुठनं दाखवायचं?" मेंढीमागं ४,००० रुपयांची तरतूद कागदावर आहे. ती मिळवायला आधी मेंढी मरावी लागते, आणि मेलेली मेंढी मालकाच्या गावात मरावी लागते. मेंढपाळांना चराईचं अनुदान देणारी एक योजना आहे, महिना सहा हजार, पण ती जून ते सप्टेंबरसाठी. त्यांचे वाईट दिवस फेब्रुवारीत सुरू होतात.

आणि गंमत नव्हे, अगदी साधी गोष्ट: त्याच वहिनींनी पारनेरच्या कार्डावर तळोज्याच्या दुकानातून गहू-तांदूळ आणला होता. अंगठा लावला, मिळाला. रेशन आता माणसामागं चालत येतं. मग चाऱ्याचे पैसे का येऊ नयेत? खातं आहे, आधार आहे, मेंढ्यांच्या लसीकरणाला डॉक्टर वाड्यावर येतोच. त्यानं कळप मोजून नोंदवला तर तीच यादी. फेब्रुवारीत कडब्याचा भाव चढला की पैसे सोडा, पंचनाम्याची वाट बघू नका.

दाजींना एक गोष्ट मात्र तेव्हाच सांगायला हवी होती. "पाणी नाही तिथं राहायचं कशाला" हे नवी मुंबईत बसून बोलणं सोपं आहे, आपल्यामागं मोरबे धरण आहे. पण ठाणे जिल्ह्यातच शहापूरला जा. भातसा आणि तानसा तिथं आहेत, मुंबईचं निम्मं पाणी एकट्या भातसातून येतं, आणि धरणाच्या आसपासच्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर फिरतो. तिथले लोक पाण्याशेजारीच राहतात.

नैरोबीला आल्यावर आण्णांना फोन केला. त्यांनी आधी पावसाचं विचारलं, मग म्हणाले, दाजी काल पारनेरच्या त्या वाड्याचं विचारत होते. वाडा आता घाट चढून गेला असेल. तळोज्याच्या शेतात त्यांची तीन कोकरं मेली होती, वहिनींनी बांधाच्या कडेला पुरलेली जागा मला दाखवली होती. त्यांची नोंद कुठंच झालेली नाही.